माने साहेबांचे नकार

नोकरीचा नकार आला की माणसं तो गुपचूप गिळतात. आमचे माने साहेब तो जिन्यात उभे राहून जाहीर करतात.

"वहिनी! आज मोहालीवाल्यांनी रिजेक्ट केलं!"

हे ते अशा सुरात म्हणतात, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कणकेच्या हातानेच अभिनंदन करायला बाहेर धावले. त्यांनी ते स्वीकारलंही. मग दोन पायऱ्या उतरून त्यांनी तीच बातमी तळमजल्यावरच्या ढिल्लों आंटींना हिंदीतून दिली. आंटी आमच्या घरमालकीण. त्या म्हणाल्या, "कोई नी, माने जी, रब भली करेगा." माने साहेब "थँक यू" म्हणाले आणि वर जाऊन नाश्त्याला बसले.

चंदीगडला आमच्या सेक्टरातली घरं सगळी एका छापाची. खाली मालक, मध्ये एक भाडेकरू, वर दुसरा. मध्ये आम्ही, कारण यजमानांची केंद्र सरकारने इथे बदली केली. वर माने. साहेब मूळचे सांगलीकडचे, पण उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात विमानांच्या देखभालीत गेली. निवृत्त झाल्यावर गावी जायचं ठरलं होतं. पण मुलगा अनिकेत इथल्या कॉलेजात होता, म्हणून थांबले. अनिकेतने कॉम्प्युटरची डिग्री घेतली आणि वेबसाइट बनवण्याची नोकरी शोधायला लागला. पहिली नोकरी. वर्ष उलटून गेलं तरी ती काही मिळेना.

सुरुवातीला तो उत्साहाने सगळीकडे जायचा. आयटी पार्क, मोहाली, कुठेही. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात हेल्मेट. पुढे पुढे तो जिन्यात दिसेनासा झाला. मग शोभाताई, म्हणजे माने साहेबांची बायको, सांगायला लागल्या की तो अर्जही करत नाही, खोलीचं दार लावून पडून असतो. जेवायला ताट आत द्यावं लागतं.

अशा घरात एका सकाळी माने साहेबांनी घोषणा केली, "मी वेबसाइट बनवायला शिकणार. आणि ह्याच लाइनीत नोकरी धरणार."

शोभाताईंनी विचारलं, "कशासाठी?"

"रिकामा बसून काय करू?"

मला हे मुळीच आवडलं नाही. पोरगा आधीच खचलेला, आणि बाप त्याच शर्यतीत उतरतोय, तेही शर्टाला इस्त्री करून. मी यजमानांना म्हटलंसुद्धा, "ह्या माणसाला काही पाचपोच आहे की नाही?" यजमान म्हणाले, "फौजी आहे, बसवत नसेल." बाहेरच्या सगळ्या गोष्टींचा उलगडा आमच्या घरात एवढ्याच शब्दांत होतो.

सेक्टर चौतीसमध्ये कोचिंगची दुकानं आहेत. तिथल्या एका वर्गात माने साहेब जायला लागले. वर्गातली पोरं त्यांना पाहून पहिल्या दिवशी उठून उभी राहिली, कारण त्यांना वाटलं सर आले. मग खरे सर आले. ते अनिकेतपेक्षाही लहान होते. आता माने साहेब उठून उभे राहिले, आणि पुढे रोजच राहायला लागले. शेवटी सर हात जोडून म्हणाले, "अंकल, आप खड़े हो जाते हो तो मैं भूल जाता हूँ क्या पढ़ाना है." तेव्हापासून माने साहेब बसल्या बसल्या पाठ ताठ करतात.

आता त्यांची शिकण्याची पद्धत सांगते. विमानाचा नुसता स्क्रू पिळला तरी काम झालं असं म्हणत नाहीत. दुसऱ्या माणसाने येऊन तो स्वतः तपासायचा आणि सही करायची, मगच काम झालं. माने साहेबांनी हा नियम वेबसाइटला लावला. तो दुसरा माणूस म्हणजे मी.

"वहिनी, जरा वर या. इंडिपेंडंट चेक आहे."

मी वर जायची. पडद्यावर एक निळं बटण असायचं. ते मी दाबायचं, काय झालं ते मोठ्याने सांगायचं आणि सही करायची. "बटण दाबलं, हिरवं झालं" अशा मजकुराखाली माझ्या इतक्या सह्या आहेत, की उद्या कुठे काही बिघडलं तर आधी मला उचलतील. एकदा मी न दाबताच "हो, चाललं" म्हटलं. त्यांनी पेन काढून घेतलं.

"न बघता सही करायची नाही वहिनी. कधीच नाही. माझ्या आख्ख्या सर्व्हिसमध्ये एक खोटा रिपोर्ट नाही."

"अहो, बटणच तर आहे."

"आज बटण आहे," ते म्हणाले.

लॅपटॉप बंद करण्याआधी ते टेबलावरच्या वस्तू मोजतात. माउस, चार्जर, पेन ड्राइव्ह, चष्मा, चष्म्याचं फडकं. विमानात एक पाना विसरला तर माणसं मरतात, म्हणून ही सवय. मी विचारलं, "आणि वेबसाइटमध्ये पाना विसरला तर?" त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. "ते अजून शिकवलं नाही," म्हणाले, "पण रिस्क कशाला घ्या?"

त्यांची पहिली वेबसाइट आमच्या घराच्या पाण्याच्या मोटरची होती. उघडली की मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'मोटर चालू आहे' किंवा 'मोटर बंद आहे'. मी थक्क झाले. वाटलं, काही तरी यंत्र बसवलं असेल. तसं काही नव्हतं. माने साहेब गच्चीवर जाऊन बघायचे, खाली येऊन शब्द बदलायचे आणि मग मला तपासायला बोलवायचे. मीही गच्चीवर जाऊन यायची. एवढं सगळं होईपर्यंत टाकी भरून वाहायला लागलेली असायची आणि खालून आंटी ओरडायच्या, "माने जी, मोटर!"

"साइट पर लिखा है, आंटी!" माने साहेब वरून सांगायचे.

ह्या सगळ्यात अनिकेतचं दार बंदच असायचं. माने साहेब मुद्दाम त्या दारासमोरच्या टेबलापाशी बसायचे आणि काय चुकतंय ते मोठ्याने वाचायचे. एकदा आतून आवाज आला, "पापा, यार, प्लीज." बस्स, तेवढंच. मला त्या दिवशी माने साहेबांचा फार राग आला. त्यांनी मात्र खुर्ची दाराच्या आणखी जवळ घेतली.

मग अर्ज सुरू झाले आणि नकार यायला लागले. माने साहेबांचं त्यावरचं ठरलेलं वाक्य होतं, "फेल नाही, स्नॅग आहे." विमानात काही बिघाड सापडला की त्याला स्नॅग म्हणतात. विमान नेहमी बिघडतं, त्यात विमानाचा अपमान नसतो. बिघाड लिहायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा उडवायचं. हे ते जिन्यात सांगायचे, आंटींना सांगायचे, भाजीवाल्यालासुद्धा सांगायचे. जेवायला बसल्यावर बंद दाराकडे तोंड करून सविस्तर सांगायचे.

सगळ्यात नामी नकार एका ऑनलाइन परीक्षेचा. त्यांना एक बिघडलेलं पान दिलं होतं आणि तासाभरात ते दुरुस्त करायला सांगितलं होतं. माने साहेबांनी पहिल्या काही मिनिटांतच सगळे बिघाड शोधले, ते क्रमाने लिहून काढले, खाली लिहिलं, 'दुरुस्तीची परवानगी मिळावी', आणि हाताची घडी घालून बसले. तास संपला. पानाला त्यांनी बोट लावलं नव्हतं.

"अहो, दुरुस्त करायला तर सांगितलं होतं ना?" मी म्हटलं.

"पान त्यांचं आहे. लेखी ऑर्डरशिवाय दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा?"

कंपनीने त्यांना बाद केलं. त्यांनी जिन्यात जाहीर केलं.

पण गंमत अशी, की त्याच उत्तरामुळे मोहालीतल्या दुसऱ्या एका छोट्या कंपनीने त्यांना बोलावलं. ह्यांनी आपल्या अर्जासोबत तो बिघाडांचा कागद अभिमानाने जोडला होता. शनिवार होता. मला त्या बाजूला काम होतं, म्हणून मी त्यांना गाडीतून नेलं. त्यांनी नवा शर्ट घातला होता. वाटेत ते सिग्नलला आरशात बघून भांग नीट करत होते, आणि मी बघितलं की पटकन हात खाली घेत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला नोकरी खरंच हवी आहे.

ऑफिस म्हणजे एक मोठी खोली. मी कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसले, सगळं ऐकू येत होतं. टेबलापलीकडे पगडी बांधलेला तरुण मालक होता. त्याने एक पान दाखवलं. कॉम्प्युटरवर ते छान दिसत होतं, पण मोबाइलवर त्यातलं बटण पडद्याच्या बाहेर पळत होतं. "अंकल, ये क्यों होता है?"

माने साहेबांनी चष्मा लावला, पान बघितलं आणि सांगितलं की बटणाची रुंदी ठोक आकड्यात दिली आहे, ती पडद्याच्या मानाने द्यायला हवी. मग त्यांनी त्याच पानावरचे आणखी बिघाड दाखवले, जे मालकालाही माहीत नव्हते. तो हसायलाच लागला. म्हणाला, "सर जी, मेरे यहाँ ठीक करनेवाले सब हैं, ग़लती पकड़नेवाला कोई नहीं. मंडे से आ जाओ."

माने साहेब उभे राहिले. "सर, सोच के बताता हूँ."

मी सोफ्यावरून जवळजवळ पडलेच. गाडीत बसल्यावर विचारलं, "काय हो, विचार कसला करायचाय?"

"विचार झाला," ते म्हणाले. "नाही म्हणून कळवतो."

मी गाडी कडेला घेतली.

"वहिनी, घरात आधी मला नोकरी लागली, तर तो दार उघडंल का हो? पेन्शनवाल्या म्हाताऱ्याला लागती आणि मला नाही, हेच घेऊन बसंल."

"मग एवढे दिवस हे सगळं केलंत कशाला?"

ते बाहेर बघायला लागले. रस्ता सरळ, झाडं सरळ, बघण्यासारखं काही नव्हतं.

"त्याला पहिल्यांदा रिजेक्ट केलं, तेव्हा तो जेवला नाही. नंतर बोलायचा थांबला. मी काय सांगणार त्याला? मला आयुष्यात कुणी रिजेक्ट केलंच नव्हतं. अठराव्या वर्षी भरती झालो ते रिटायर झालो. मग म्हटलं, घरात एकटाच नापास होतोय पोरगा. कुणीतरी सोबतीला पाहिजे."

इतके महिने मी ह्या माणसाला मनातल्या मनात नावं ठेवत होते. डोळे भरून आले, म्हणून मी गॉगल चढवला. मग एवढंच विचारलं, "पण तुम्हाला हवी होती ना?"

"होती की," ते म्हणाले. "शिकल्यावर आवडायला लागलं."

घरी पोचलो. त्यांनी मला चहाला वर नेलं. शोभाताईंनी दार उघडलं आणि नुसतंच बघितलं. माने साहेबांनी बूट काढले आणि बंद खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "रिजेक्ट!"

आयुष्यातला पहिला खोटा रिपोर्ट त्यांनी इतका स्वच्छ दिला, की क्षणभर मलाही तो खरा वाटला.

शोभाताई चहा टाकायला गेल्या. आणि मग कडी वाजली. दाढी वाढलेला अनिकेत दारात उभा होता. बहुधा बापाचा नवा शर्ट बघत होता.

"क्या पूछा उन्होंने?"

"ते आपलं, मोबाइलवर बटण पडद्याच्या बाहेर जातं. का जातं, म्हणे."

"और आपने क्या बोला?"

माने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी म्हटलं, मोबाइल मोठा घ्या."

अनिकेत इतका हसला की दाराची चौकट धरून खाली बसला. स्वयंपाकघरातून शोभाताई हातात गाळणी घेऊन धावत आल्या. "पापा! सच में? इंटरव्यू में ऐसा बोला?"

"मग काय बोलायचं होतं?"

"अरे, इधर दो लॅपटॉप." त्याने खुर्ची ओढली आणि बापाच्या शेजारी बसला. रुंदी म्हणजे काय, ठोक आकडा म्हणजे काय, पडद्याच्या मानाने म्हणजे काय. पोळ्यांचा डबा मोबाइल झाला, जेवणाचं ताट कॉम्प्युटर झालं. हिंदीत सुरू झालेला मुलगा मध्येच मराठीत यायला लागला. "बघा ना पापा, इथे बघा. सोपं आहे." कितीतरी महिन्यांनी त्याचा एवढा आवाज त्या घरात ऐकू येत होता.

शोभाताईंनी चहा दिला, तो कुणी घेतला नाही. माने साहेब पोरासारखे मान हलवत ऐकत होते. समजावून संपत आलं आणि अनिकेत उठेलसं वाटलं, की ते घाईघाईने आणखी एक चुकीचा प्रश्न विचारत होते.