परवाचे लग्न

आमच्या नगरपालिकेत सॉफ्टवेअर कोणी बनवत नाही. काय हवे ते कागदावर लिहून लोखंडी कपाटाच्या फटीतून आत सरकवले, की आतले सुटे भाग ते वाचतात आणि आपापले जुळतात.

मुरलीधर घोंगडे, दवाखान्यातले कंपाउंडर. एकुलत्या एका रेवतीचे लग्न दोन दिवसांवर, आणि ठरलेल्या कार्यालयाचे छत गळायला लागलेले. धावतपळत नगरपालिकेत आले नि सुवाच्य अक्षरात लिहिले, 'मुलीच्या लग्नासाठी सभागृह परवा मिळावे व कार्य निर्विघ्न पार पडावे.' कपाटात खडखड झाली. पाच मिनिटांत सॉफ्टवेअर जुळले आणि त्याने पोचपावती बाहेर टाकली: 'सभागृह दिले. कार्य निर्विघ्न पार पडले.'

"पडले?" घोंगडे ओरडलेच. "अहो बाई, लग्न व्हायचंय अजून!"

कपाट सांभाळणाऱ्या कडुस्करबाईंनी पावती वाचली. "काका, तुम्ही परवा लिहिलंत. परवा दोन असतात. यात तारखेचा भाग जन्म-मृत्यू विभागातला लागलाय. तिथं सगळं होऊन गेलेलंच येतं. त्यानं मागचा परवा घेतला."

"कोणता शहाणा बाप मागच्या परवासाठी हॉल मागेल हो?"

"ते भागाला काय ठाऊक? 'येत्या परवा' लिहायचं होतं."

"मग दुसरा भाग लावा!"

"लावते की. पण पार पडलेलं लग्न पुन्हा लावता येत नाही. घटस्फोटाचा नमुना वेगळा आहे."

घोंगड्यांनी घरी फोन लावला. "रेवतीला दे जरा."

"असं काय करता? परवाच नाही का गेली सासरी!" बायको वैतागली. "आणि ती उरलेली बुंदी शेजारी देऊन टाकू का? वास यायला लागलाय."

त्यांनी फोन ठेवला. "माझा कोट अजून शिंप्याकडे आहे हो," ते म्हणाले. "पोरगी जन्मली तेव्हापासून त्या दिवसाची वाट बघतोय मी. बाई, मी होतो का तिथं?"

बाईंनी पडद्यावर शोधले. "होतात. साध्या सदऱ्यावर. पाठवणीला रडलात, अशी नोंद आहे."

"खूप?"

"तो रकाना नाही."

घोंगड्यांनी खिशातून रुमाल काढला. तो परवापासून ओलाच होता. त्यांनी तो पिळून पुन्हा खिशात ठेवला आणि पावतीवर सही केली.