उत्तरेकडचा शेजारी

दोन्ही कोरियांचं भांडण मिटत नाही, कारण त्यात धम्मपालला कुणी विचारत नाही! निदान त्याचं तरी तसं ठाम मत होतं. म्हणून बजाजनगरातल्या घराच्या माडीवर बसून त्यानं पुण्याच्या परिसंवादासाठी आठ पानांचा शोधनिबंध लिहिला. उत्तर कोरियाचं नाव सारखं घेऊ नका, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. मग पठ्ठ्यानं सगळीकडं ‘उत्तरेकडचा शेजारी’ असं घातलं.

आता त्याच्या स्वतःच्या घराच्या उत्तरेला राहायचे कडुबाकाका. रविवारी त्यांच्या मेघाला मागणी घालायला जायचं होतं. मेघाचा होकार कधीच मिळाला होता, काकांचा तेवढा बाकी होता. म्हणून धम्मपालच्या आईनं, गीताबाईंनी, गुरुवारी ताटभर धपाटी करून भिंतीवरून तिकडं दिली.

संध्याकाळी ताट परत आलं. रिकामं!

वीस वर्षांच्या शेजारात असं कधी घडलं नव्हतं. काही नसलं तर ताटात चिमूटभर साखर तरी यायची. गीताबाई ताट उलटसुलट करून बघू लागल्या. धम्मपालचं लक्ष टेबलाकडं गेलं. सातवं पान गायब होतं.

“आई, धपाट्यांवर काय झाकलंस?”

“तुझा कागद.”

“अगं, तो कोरियाचा कागद होता!”

“कोराच व्हता की, एका बाजूनं.”

धम्मपाल उरलेली सात पानं घेऊन अनवाणी पळाला. काका ओट्यावरच बसले होते. त्यांनी शांतपणे चष्मा लावून सातवं पान वाचायला घेतलं.

“‘हा शेजारी अधूनमधून आकाशात रॉकेटं सोडतो.’ जयंतीला सोडतो मी. ‘सीमेवर भोंगे लावतो.’ लावतो. ‘अन्नाची मदत केल्याने त्याची वर्तणूक सुधारेल, हा भ्रम आहे.’” त्यांनी चष्मा काढला. “मी सुधरावं म्हून धपाटी धाडली व्हय?”

काकांच्या दोन चपला ओट्यावर मांडून धम्मपालनं दोन्ही कोरिया दाखवले, मधली सीमा दाखवली, आठही पानं समजावली. त्याचं बोलणं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्या धास्तीतही त्याला फार बरं वाटलं.

“म्हंजे त्यो येगळा,” काका अखेर म्हणाले. “पर त्याला कुणी घरी जेवायला बोलावलं का? नुसतं धान्य धाडायचं नाय. मांडीला मांडी लावून बसावं लागतं. रविवारी या तुम्ही.”

लग्न ठरलं. धम्मपालनं काकांची सूचना निबंधात शेवटची शिफारस म्हणून घातली आणि प्रामाणिकपणे तळटीप दिली: ‘उत्तरेकडच्या शेजाऱ्याची प्रत्यक्ष मुलाखत.’

पुण्यात बाकीचा निबंध कुणी ऐकलाच नाही. सगळ्यांचा एकच सवाल होता, तिकडं प्रवेश मिळाला कसा?

“धपाटी न्यावी लागतात,” धम्मपाल म्हणाला आणि खाली बसला.