शांतम्मा भालकीकरांची जयंती

"ह्या खेपेला माईक माझ्याच हातात येतो का न्हाई बघ," सिद्धेश्वरअप्पांनी सकाळीच शिवगंगाबाईंना ठणकावून सांगितलं आणि चहा बशीत ओतला.

लातूर जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं. त्यानिमित्त पंधरा ऑगस्टला गाण्यांचा कार्यक्रम ठरला होता आणि दोन गाण्यांच्या मधे गायकांविषयी बोलायला एक जाणकार हवा होता. पावसानं दडी मारलेली, नळ कोरडे, सगळं गाव टँकरकडे डोळे लावून बसलेलं. तरी गंजगोलाईच्या बाजारात चर्चा एकच होती, माईक कुणाला?

उत्तरही ठरलेलं होतं. बसलिंगप्पाला!

अप्पांच्या भांड्यांच्या दुकानासमोरच हा बसलिंगप्पा सरकीची पेंड विकायचा. पण कुठला गायक कधी जन्मला आणि कधी वारला, हे त्याला तोंडपाठ. वाढदिवस असो की पुण्यतिथी, पेंडीच्या पोत्यांवर त्या गायकाचा फोटो ठेवायचा, हार घालायचा, रेकॉर्ड लावायचा आणि सुरू व्हायचा. अप्पांचं गिऱ्हाईक हातातली घागर तशीच खाली ठेवून समोर ऐकायला जायचं. पुण्यतिथीला तर त्याचे डोळे भरून यायचे. स्वतःच्या बापाच्या पुण्यतिथीला हा गडी दुकान उघडतो आणि गायकांसाठी रडतो, हे बघून अप्पांच्या पोटात दुखायचं. अगदी खरंखुरं दुखायचं, ओवा खावा लागायचा.

बरं, ह्याला ठाऊक नाही असा गायक शोधावा म्हटलं, तर सापडेना. शेवटी अप्पांनी एक तयारच केला. घरातल्या ट्रंकेत शिवगंगाबाईंच्या भालकीच्या मावशीचा, शांतम्माचा, तरुणपणीचा फोटो होता. स्टुडिओवाल्यानं शोभा म्हणून तिच्यापुढे आपली हार्मोनियम ठेवली होती. एवढं पुरे होतं. बायकोच्या नकळत अप्पांनी फोटो उचलला, दुकानात मांडला, हार घातला आणि गोलाईतल्या मंडळींना बोलावणं धाडलं. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या अण्णारावांना खास आग्रह झाला. माईक कुणाला द्यायचा, ते अण्णारावच ठरवणार होते.

"आज थोर गायिका शांतम्मा भालकीकर यांची जयंती," अप्पा घसा खाकरून म्हणाले. "काय आवाज होता! बिचाऱ्या लई लवकर गेल्या. आपल्याकडं त्यांचं नावसुदीक कुणाला ठाव न्हाई."

सगळ्यांनी बसलिंगप्पाकडे पाहिलं. त्यानं चष्मा लावला आणि फोटो नीट न्याहाळला. अप्पांना मनातून गुदगुल्या होत होत्या. आता हा "ठाऊक न्हाई" म्हणाला की माईक आपला. पण गाण्याच्या बाबतीत ते शब्द बसलिंगप्पानं आजवर तोंडातून काढले नव्हते, ते अण्णारावांसमोर कसे काढील?

"जयंती कशाची करताय अप्पा?" तो शांतपणे म्हणाला. "बाई जिवंत हायेत. वाढदिवस म्हणा."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतो. मागल्या साली भालकीच्या जत्रंत भेटल्या होत्या. आवाज हाय तसाच हाय."

धडधडीत थाप! आणि ती थाप आहे हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. पण बोलणार कसे?

"वारल्यात त्या," अप्पा चिडून म्हणाले. "मी सांगतो ना."

तेवढ्यात शिवगंगाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. सकाळपासून पुरवून ठेवलेलं पाणी पाहुण्यांच्या चहात गेलं, म्हणून त्या आधीच तापलेल्या होत्या. त्यांची नजर फोटोवर गेली.

"अगं बाई, ही तर माझी शांतम्मा मावशी! जित्या बाईला हार कुणी घातला? चांगली धडधाकट हाय ती. पंधरा ऑगस्टला येते म्हणून कालच निरोप आलाय."

बसलिंगप्पा स्वतःच दचकला होता, पण लगेच सावरून त्यानं छाती पुढे काढली. अण्णारावांनी उठून त्याचा हात हातात घेतला.

"घरच्या जावयाला पत्ता न्हाई आन् ह्यांना ठाव हाय. माईक तुमचाच, बसलिंगप्पा."

"अहो, तिला गाता येत न्हाई," अप्पा कळवळून म्हणाले. "ती पेटी फोटोवाल्याची हाय."

"अप्पा, माणसानं जळावं, पर बायकूच्या मावशीवर जळू ने," अण्णाराव म्हणाले आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेले.

पंधरा ऑगस्टला मावशी पहिल्या रांगेत बसली होती. बसलिंगप्पानं माईकवरून तिची अशी काही ओळख करून दिली की टाळ्या थांबेनात. लोकांनी आग्रह केला. मावशी लाजली, मग उठली आणि तिला येत असलेला एकुलता एक पाळणा म्हणाली. सूर भलतीकडे गेले, ताल त्याहून पुढे गेला. तरी लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आता मावशीच्याच तोंडून खरं काय ते बाहेर पडेल, या आशेनं अप्पांनी अण्णारावांसमोरच तिला गाठलं. "मावशी, सांगा की ह्यांना. ह्याच्या आधी कधी गायला होता का तुम्ही?"

"कवाच न्हाई," मावशीनं पदर सावरत सांगितलं. अप्पांचा चेहरा उजळला.

"गाणार कशी? साल दोन साल झालं की तुमच्या घरी येऊन राहते. मावशी, एक गाणं म्हणा, असं कधी म्हणलात? परक्या माणसानं नुसता फोटो बघून वळखलं." मग ती भाचीकडे वळली. "चल गं शिवगंगा, बसलिंगप्पाच्या घरी जेवाय बोलावलंय. जावई, तुम्ही ऱ्हावा हितंच. टँकर यायचा हाय, पाणी कोण भरणार?"