ओव्हाळ सरांची उशीर-वही

"दिवाळीनंतर माझी नववी ब मी नसलो तरी चालेल!"

ओव्हाळ सरांनी ही घोषणा जूनमध्येच शिक्षकांच्या खोलीत केली, तेव्हा कोणी मानही वर केली नाही. समोर डबे उघडलेले असताना क्रांतीची घोषणा करू नये, हे त्यांना नोकरीच्या तिसऱ्या वर्षीही कळलं नव्हतं. फक्त गणिताच्या पूर्वा मॅडम वांग्याच्या फोडीकडे बघत म्हणाल्या, "अहो, तुम्ही असताना तरी चालते का?"

प्रश्न रास्त होता. कसब्यातल्या त्या शाळेत नववी बचा इंग्रजीचा तास म्हणजे लग्नाची पंगत. कोणी बसतंय, कोणी उठतंय, आणि वाढणाऱ्याकडे कोणाचंच लक्ष नाही!

पण ओव्हाळ सरांना घाई होती. रणजित ओव्हाळ हे शिक्षणसेवक. म्हणजे काम पूर्ण शिक्षकाचं, मानधन नावापुरतं आणि मान त्याहूनही नावापुरता. अशी तीन वर्षं काढायची, आणि शेवटी खात्याच्या साहेबांनी वर्ग पाहून चांगला शेरा दिला तरच नोकरी कायम. शेरा वाईट पडला तर नारळ. आणि इकडे येरवड्याच्या गल्लीत त्यांच्या आईने, रतनबाईंनी, "आमचा रणजित नोव्हेंबरात कायम होतोय," असं घरोघर सांगून ठेवलं होतं. सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई ती. तिने ठरवलेली तारीख मोठे डॉक्टरसुद्धा बदलत नसत. दिलेला शब्द मागे घ्यायची तिला सवयच नव्हती.

तेव्हा सरांनी नियम केले. एकूण नऊ. पुठ्ठ्यावर, जाड अक्षरात, इंग्रजीत आणि खाली मराठीत. शहराचा गुण म्हणा, पण सर लिहायला बसले आणि लेखणी आपोआप पुणेरी झाली:

"नियम १. तास सुरू होताच फळ्यावरच्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहावे. शेजाऱ्याला स्वतःचे उत्तर आहे."

"नियम ४. उशिरा येणाऱ्याने दार वाजवू नये. एक बोट वर करून उभे राहावे. वर्गाचे काम महत्त्वाचे आहे, आपले आगमन नव्हे."

"नियम ५. उशिराचे खरे कारण दाराजवळच्या वहीत तीन इंग्रजी वाक्यांत लिहावे. 'ट्रॅफिक' हे कारण नाही. ट्रॅफिक रोज असते. खोटे कारण परत मिळेल."

"नियम ८. वर्गात खाऊ नये. खाऊ घालूही नये."

आणि शेवटी, "नियम ९. हे नियम सर्वांना लागू आहेत. 'सर्वांना' म्हणजे कोणाला, अशी शंका असल्यास हा नियम पुन्हा वाचावा."

"सर, म्हणजे तुम्हालापण?" मागच्या बाकावरून अर्णवने विचारलं.

"मलाच काय," सर छाती फुगवून म्हणाले, "उद्या शिक्षणमंत्री आले तरी त्यांनाही!"

माणसाने छाती जपून फुगवावी.

उशीर-वही सरांनी तनयाच्या ताब्यात दिली. तनयाचे वडील तांबट आळीत भांडी घडवतात. दिवसभर हातोड्याचे ठोके ऐकत वाढलेली मुलगी. एक ठोका चुकला तरी तिची भुवई वर जायची. तिने घरून एक छोटी पितळी घंटा आणली. घंटा आणि घड्याळ अर्णवकडे गेलं. आजवर अर्णवने कुठलीच गोष्ट वेळेवर केली नव्हती. त्यामुळे वेळ ही वस्तू हातात येताच तो असा बदलला, की गावगुंडाला फौजदार केल्यासारखं झालं!

पहिल्या महिन्यात उशीर-वहीत सत्तावीस ट्रॅफिक आणि चार पंक्चर जमा झाले. तनयाने सगळे परत केले. "चाकातली हवा कोणत्या दुकानात भरली?" असं ती शांतपणे विचारायची, आणि भली भली पोरं "मैदानावरची मॅच बघत उभा होतो" इथवर कबूल व्हायची. गणपती आले नि गेले. वर्ग सुधारत गेला. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका दुपारी सरांनी वर्गात पाऊल टाकलं आणि ते दारातच थबकले. बेचाळीस माना खाली. बेचाळीस पेनं चालू. छपराच्या कौलावर कबुतर चालत होतं, त्याची नखं ऐकू येत होती!

सरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे आपण केलं? डोंगराला हाक मारावी आणि डोंगराने "ओ" द्यावी, तसं त्यांना वाटलं. आनंद तर झालाच, पण थोडी भीतीही वाटली.

साहेबांची तारीख आली. बुधवार, दुसरा तास, सव्वाबारा. पहिला तास सरांना मोकळा होता. एवढ्या तयार वर्गापुढे आणखी कसली तयारी करायची? सरांच्या मनात आलं, शेरा मिळाला की तोंड गोड करायला पेढे हवेत. मग धावाधाव नको. आत्ताच आणून ठेवावेत! जाऊन येऊन वीस मिनिटं.

दुकानात तीन गिऱ्हाइकं पुढे होती. त्यातल्या एका आजोबांना प्रत्येक मिठाई कधी केली आहे ते जाणून घ्यायचं होतं. विकत काही घ्यायचं नव्हतं. शेवटी सरांचा नंबर लागला.

"अर्धा किलो पेढे. जरा लवकर."

"कशाबद्दल?" दुकानदाराने तराजूकडे न बघता विचारलं.

"नोकरीत कायम झालो."

"कधी?"

"आज दुपारी होणार."

दुकानदाराने हात थांबवला. "म्हणजे झाला नाहीत."

"होईन हो!"

"मग पेढे झाल्यावर न्या. ताजे मिळतील."

या वादात सात मिनिटं गेली. पेढे मिळाले, पण उपदेशासकट. सर धावत शाळेत शिरले तेव्हा बारा पंचवीस झाले होते. कपाळावर घाम, काखेत खोका. जिना चढताना त्यांच्या डोळ्यांसमोर बेचाळीस पोरं पुन्हा पंगतीला बसली, साहेब कानात बोटं घालून पळाले आणि रतनबाई येरवड्यात घरोघर जाऊन शब्द परत मागू लागल्या!

वर आले, तर व्हरांड्यात चिडीचूप. नववी बच्या बंद दाराबाहेर मुख्याध्यापिका उभ्या होत्या. प्रेमला आगटे बाई! ज्यांच्या चपलांच्या आवाजाने शिपाई ताठ होतात, त्या बाई. त्यांचं एक बोट वर होतं.

"बाई! आपण... बाहेर?"

"हळू बोला," बाई कुजबुजल्या. "तिसऱ्यांदा परत आलंय माझं."

"काय?"

"कारण!"

सरांनी खिडकीतून आत पाहिलं. फळ्यावर प्रश्न लिहिलेला होता: तुम्हाला कोणीच न शिकवलेली, पण शिकायची राहिलेली गोष्ट कोणती? बेचाळीस माना खाली. आणि शेवटच्या बाकावर, सौरभ नावाच्या मुलाच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन त्रेचाळिसावी मान. खात्याचे बद्रीनाथ खैरे साहेब! जीभ दातात धरून, कोणी वहीत डोकावू नये म्हणून डाव्या हाताचा आडोसा करून, साहेब उत्तर लिहीत होते!

सरांचा जबडा खाली आला तो आलाच. त्यांनी आयुष्यात कास पठार पाहिलं होतं, समुद्रात बुडणारा सूर्य पाहिला होता. पण असं दृश्य नाही!

तेवढ्यात दार चार बोटं उघडलं. तनयाने बाईंच्या हाती वही दिली. "सॉरी मॅडम. प्लीज राइट अगेन." मग तिने सरांकडे पाहिलं. नजरेत ओळख होती, पण सवलत नव्हती. "सर, यू आर आफ्टर मॅडम."

"अगं तनया, मी! माझा तास आहे हा!"

आतून अर्णवने न बोलता पुठ्ठ्याकडे बोट केलं. नियम नऊ.

सरांनी बाईंच्या खांद्यावरून वहीत डोकावलं. तिथलं सगळं इंग्रजीत होतं, आपण मराठीत वाचू. सगळ्यात वर साहेब: "ट्रॅफिक होते." त्यावर काट. खाली पुन्हा साहेब: "मी ऑफिसात बसलो होतो. बाईंनी बटाटेवडे मागवले. मी तीन खाल्ले." शेजारी तनयाचा शेरा: "खरे सांगितल्याबद्दल आभार. आत यावे."

त्याखाली आगटे बाई. पहिलं कारण: "कार्यालयीन काम." शेरा: "कोणते?" दुसरं: "महत्त्वाचे कार्यालयीन काम." शेरा: "तरी कोणते?" तिसरं: "साहेबांना भूक लागली होती." शेरा: "साहेब म्हणतात, नव्हती."

"बाई, खरं लिहून टाका ना," सर काकुळतीने म्हणाले. "वडे मागवले, एवढंच तर आहे!"

आगटे बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या फक्त नापास विद्यार्थ्याच्या बापाकडे बघत.

"का मागवले ते लिहू? साहेब बाराला हजर झाले. मी तुम्हाला शोधलं. तुमचा पत्ता नाही! 'वर्गात शिक्षकच नाही' असं साहेबांनी बघितलं असतं, तर आज तुमचं काम संपलं होतं. म्हणून म्हटलं, वडे गरम आहेत, घ्या. तुम्ही येईपर्यंत माणूस बसवून ठेवायचा होता मला. तिसऱ्या वड्यानंतर ते चौथा घेईनात! आता हे खरं कारण लिहू का ओव्हाळ, बोला?"

तीन वर्षांत बाईंनी सरांना "ओव्हाळ, खडू संपवू नका" याखेरीज काही म्हटलं नव्हतं. आणि हीच बाई त्यांच्यासाठी एकाच पानावर तीनदा खोटं लिहून, बोट वर करून व्हरांड्यात उभी होती!

"द्या ती वही इकडे," सर म्हणाले. "आधी मी लिहितो. मग तुम्ही लिहा काय ते खरं."

त्यांनी लिहिलं: "मी पेढे आणायला गेलो होतो. ते वर्गातल्या मुलांसाठी आहेत. मला क्षमा करा."

तनयाने वाचलं. मग काखेतल्या खोक्याकडे पाहिलं.

"सर, अर्धा किलोत पेढे किती बसतात?"

"असतील... वीस-बावीस."

"आपण बेचाळीस आहोत."

हातोडा बरोबर ठिकाणी बसला होता. सरांनी पेन पुन्हा उचललं. खरं लिहावं तर साहेब ते वाचणार. खोटं लिहावं तर जूनपासून घडवलेलं हे भांडं पहिल्याच आचेला तडकणार. एका बाजूला कायम नोकरी, दुसऱ्या बाजूला ही चौदा वर्षांची मुलगी, आणि मधे त्यांचं स्वतःचं जाड अक्षर! त्यांनी लिहिलं:

"मी पेढे आणायला गेलो होतो. ते मी कायम झाल्याबद्दल आहेत. मी अजून कायम झालेलो नाही."

त्याखाली आगटे बाईंनी एका दमात तीन वाक्यं लिहिली, आणि त्यात शोध, ओव्हाळ आणि वडे हे तिन्ही आले. तनयाने दोन्ही वाचलं. पहिल्यांदाच तिचा चेहरा थोडा सैल पडला. "थँक यू फॉर द ट्रूथ," ती म्हणाली, आणि दार पूर्ण उघडलं.

पुढचा अर्धा तास ओव्हाळ सर स्वतःच्या वर्गात पाहुणे होते. अर्णवने घंटा एकदा वाजवली, मुलं जोडीने उत्तरं वाचू लागली. दोनदा वाजवली, चार-चारांचे गट झाले. एका मुलीने वाचलं, तिला आईला नाही म्हणायला शिकायचंय. साहेबांनी उभं राहून वाचलं, त्यांना पोहायला शिकायचं राहिलंय, ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि त्यांना पाण्याची भीती वाटते. कोणी हसलं नाही. सौरभ म्हणाला, "सर, आय कॅन टीच यू." ओव्हाळ सर भिंतीला टेकून ऐकत राहिले. काहीतरी शिकवावं म्हणून ते टेबलाकडे सरकले, तर तनया हलक्या आवाजात म्हणाली, "सर, प्लीज, ग्रुप वर्क चालू आहे."

तास संपायला पाच मिनिटं असताना साहेब उठले. गाडी खाली थांबली होती. ते दाराशी गेले, आणि तनयाने वही पुढे केली. लवकर जाणाऱ्यानेही कारण लिहायचं, हा नियम सहावा. साहेबांनी आधी वरचं पान वाचलं. पेढे वाचले. वडे वाचले. बाईंनी डोळे मिटले. सरांना येरवड्याची अख्खी गल्ली दिसली.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि सावकाश तीन वाक्यं लिहिली.

"जे पाहायला आलो ते पाहिले. या वर्गाला शिक्षकाची गरज नाही. सबब हेच शिक्षक कायम करावेत. यांची काही अडचण होत नाही."

आगटे बाईंना तोंडावर पदर घ्यावा लागला. सरांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी खोका उघडला. "साहेब, पेढा..."

साहेबांचा हात पुढे आला. अर्णवने पुठ्ठ्याकडे बोट केलं. नियम आठ. साहेबांचा हात मागे गेला.

पेढे शेवटी व्हरांड्यात वाटले, अर्धा अर्धा करून. बाई म्हणाल्या, "जरा शिळे आहेत." संध्याकाळी रतनबाईंनी बातमी ऐकली आणि भाजी परतता परतता म्हणाल्या, "त्यात काय सांगायचंय? मी जूनमध्येच सांगितलं होतं सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी कायम झालेले ओव्हाळ सर मुद्दाम लवकर निघाले. आज आपणच फळ्यावर प्रश्न लिहायचा, असा त्यांचा बेत होता. तासाला दहा मिनिटं असतानाच ते नववी बच्या दाराशी पोचले.

आत फळ्यावर प्रश्न आधीच लिहून झाला होता. बेचाळीस माना खाली होत्या. पेनं चालू होती.

सरांनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी एक बोट वर केलं, आणि तीन वाक्यं जुळवत मुकाट्याने उभे राहिले.