सांभाळमुक्त इमारत

नवीन पनवेलच्या 'कर्नाळा दर्शन' सहकारी गृहनिर्माण संस्थेत दोन मुलं वर्षभर बेकायदेशीररीत्या सांभाळली जात होती, ही गोष्ट १९९३ साली दिवाळीच्या सुमारास उघडकीस आली. प्रकरणाचं गांभीर्य वाढवणारी बाब अशी, की दोन्ही मुलं धडधाकट होती, वेळेवर जेवत होती आणि त्यांची कोणाविरुद्धही तक्रार नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या सुनीता पाटकर आणि माधुरी घरत या दोघी गावातल्या दूरध्वनी केंद्रात ऑपरेटर होत्या. सुनीताचा नवरा आखातात होता, माधुरीचा रसायनीच्या कारखान्यात. मूल सांभाळण्याच्या दृष्टीने दोघेही सारख्याच अंतरावर होते. सुनीताला सकाळपाळी, म्हणून तिची चार वर्षांची वल्लरी सकाळी माधुरीकडे. माधुरीला दुपारपाळी, म्हणून तिचा निनाद दुपारी सुनीताकडे. पाळी बदलताना माधुरी दोन्ही मुलं घेऊन केंद्राच्या फाटकाशी येई, सुनीता बाहेर पडे, मुलं एका हातातून दुसऱ्या हातात जात आणि माधुरी आत जाई. या व्यवस्थेला काही नाव नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीवर नियंत्रण ठेवणं कोणत्याही कार्यालयाला जड जातं.

असं एक कार्यालय त्याच वर्षी जुन्या पनवेलमध्ये एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर उघडलं होतं. त्याचं नाव पाळणाघर नियंत्रण कक्ष. तालुक्यातल्या सर्व पाळणाघरांची नोंदणी, तपासणी आणि दर्जावाढ ही त्याची कर्तव्यं. नोंदलेलं पाळणाघर एकच होतं, एका पुढाऱ्याच्या वहिनींचं. तिथे नियमाप्रमाणे पाटी होती, वाळूने भरलेली लाल बादली होती, भिंतीवर ससा आणि कासव होतं. मूल नव्हतं. मुलं घेतली की घाण होते, घाण झाली की शेरा बसतो, असं वहिनींचं मत होतं आणि तपासणीत त्यांना दरवेळी पैकीच्या पैकी गुण पडत. कक्षाचे अधिकारी श्री. कृष्णकांत हर्डीकर यांना मात्र वरून विचारणा होऊ लागली होती, की नियंत्रण कक्ष आहे तर नियंत्रणात काय आणलं.

अशा वेळी त्यांच्याकडे एक अर्ज आला. खाली 'एक जागरूक नागरिक' अशी सही होती. अक्षर संस्थेचे सेक्रेटरी अवधूत टिपणीस यांचं होतं. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत ही सूचना त्याच अक्षरात फळ्यावर होती. टिपणीसांना मुलांबद्दल आकस नव्हता. त्यांचा आक्षेप फक्त त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत दुपारी चालणाऱ्या तीनचाकी सायकलीला होता.

हर्डीकर स्वतः आले. सुनीता घरात होती, वल्लरी आणि निनाद सायकलीवर.

"ही दोन्ही आपली?"

"वल्लरी माझी. हा माधुरीचा. दुपारचा माझ्याकडे असतो."

"याबद्दल आपल्याला काय मिळतं?"

"काय मिळायचंय? मैत्रीण आहे माझी."

हर्डीकरांनी 'मोबदला: निरंक' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. नियमाप्रमाणे मोबदल्याशिवायचा सांभाळ म्हणजे परोपकार, आणि परोपकार कक्षाच्या अखत्यारीत येत नव्हता. प्रकरण इथेच संपायचं. पण 'निरंक' हा शब्द सुनीताला लागला. आपण काही घेत नाही याचा अर्थ माधुरी काही देत नाही असा कागदावर राहील, आणि माधुरी फुकटी ठरेल, हे तिला बरं वाटेना.

"तशी ती कुणाची मिंधी राहणारी नाही हो," ती म्हणाली. "मी वाटीभर काही दिलं ना, तर वाटी कधी रिकामी आली नाही तिच्याकडून. जासई गावची आहे ती. परवा सुकटीची चटणी आली, त्याआधी वालाचं बिरडं."

हर्डीकरांनी टोपण काढलं. "नियमितपणे?"

"अहो, रिकामी वाटी कुणी परत करतं का?"

"म्हणजे वस्तुरूपाने मोबदला मिळतो." त्यांनी लिहिलं. "वाटी कुठे आहे?"

वाटी पंचनामा करून ताब्यात घेण्यात आली. पंच म्हणून टिपणीसांनी सही केली. चटणीचा नमुना कक्षाच्या कपाटात ठेवण्यात आला आणि पुढच्या आठवड्यात, तपासणीसाठी पाठवण्याजोगी ती उरली नसल्याची नोंद झाली.

दोघींना सुनावणीला बोलावलं. रजा टाकून दोघी आल्या, मुलांना बरोबर घेऊन, कारण त्यांना ठेवायला आता कोणी नव्हतं. माधुरी खाली अर्जाला तिकीट लावायला गेली, तेवढ्यात निनादने शी आल्याचं जाहीर केलं आणि सुनीता त्याला घेऊन गेली. ती परतली तेव्हा हर्डीकर लिहीत होते. सुनावणी चालू असताना, अधिकाऱ्याच्या समक्ष, शासकीय आवारात गुन्ह्याची पुनरावृत्ती झाली होती.

"साहेब, वाट्या बंद करतो आम्ही," माधुरी म्हणाली.

"वाटी हा किरकोळ भाग आहे बाई. मुख्य मोबदला वेगळाच आहे. आपण यांचं मूल सांभाळता, त्याच्या बदल्यात आपल्याला काय मिळतं? आपलं मूल सांभाळून मिळतं. हा सरळसरळ धंदा झाला. दोन विनानोंदणी पाळणाघरं, आणि एकमेकांची कायम गिऱ्हाइकं."

"आणि मी नुसतीच सांभाळली वल्लरी, हिने निनादला हातच लावला नाही, तर?"

"तर आपला परोपकार. त्याला कोण अडवणार?"

"आणि माझा निनाद कुठं जाईल तेव्हा?"

"तो प्रश्न पाळणाघराचा नाही."

सुनीताने नोंदणीचं विचारलं. नोंदणी सोपी होती. जागा तळमजल्यावर हवी, कठडा हवा, लाल बादली हवी, आणि पाळणाघर उघडं असेपर्यंत संचालिकेला अन्यत्र नोकरी करता येणार नव्हती.

"पण नोकरी आहे म्हणून तर मुलं एकमेकींकडे ठेवतो."

"नोकरी सोडलीत की नोंदणी लगेच देतो. अगदी आदर्श प्रकरण होईल."

"नोकरी सोडल्यावर माझी मुलगी मीच नाही का सांभाळणार?"

"मग नोंदणीची गरजच नाही," हर्डीकर म्हणाले. सर्व बाजूंनी नियम कसा बरोबर बसतो हे पाहून त्यांचा चेहरा शांत झाला होता.

माधुरीचा मात्र शांत राहिला नाही. शाळेत मेहनतीने मागे टाकलेली जासईची बोली तिच्या जिभेवर आली. "साहेब, तुमी रागावू नका. तुमची पोर कोनाकडं असते?"

"आभा? तिच्यासाठी बाई आहे. भीमाबाई."

"ती नोंदलेली हाय?"

"ती घरगडी या सदरात येते. तिला हा नियम लागू नाही."

"आनि भीमाबाईची पोर?"

भीमाबाईची पारू दिवसभर शेजारच्या सेक्टरमधल्या बांधकामावर, वाळूच्या ढिगाशी असे. एका पायाला जुन्या लुगड्याची दोरी, दोरीचं टोक खुंटीला. म्हणजे ती पाण्याच्या टाक्याकडे जात नसे. भीमाबाई तिथून उठून हर्डीकरांकडे आभाला भरवायला जाई. हर्डीकर रोज त्याच रस्त्याने कार्यालयात येत, त्यामुळे त्यांना माहिती काढावी लागली नाही.

"तिला कोणीच सांभाळत नाही," ते म्हणाले. "तिथे काही उल्लंघन नाही."

"म्हंजे सांभाळलं तरच गुन्हा."

"बाई," हर्डीकर मनापासून म्हणाले, "कक्ष उघडल्यापासून हा नियम पूर्ण समजलेल्या आपण पहिल्या."

निकाल लागला. एकमेकींची मुलं सांभाळण्यास दोघींना मनाई. सुनीताने आईला रत्नागिरीहून येतेस का विचारलं. आई मोठ्या भावाच्या जुळ्यांत अडकली होती. बिनपगारी रजा मागितली; दूरध्वनी केंद्राने सांगितलं की नोकरी कायम होईपर्यंत रजा घेतली तर कायम होणार नाही. तिच्या कायम होण्याला थोडे महिने उरले होते. मग एका सकाळी तिने वल्लरीसमोर दूध, पोळीचा लाडू आणि चित्रांचं पुस्तक ठेवलं, गॅसची टाकी बंद केली, बाहेरून कुलूप लावलं आणि ती कामावर गेली. कुलूपबंद घरातल्या एकट्या मुलाबद्दल नियमावलीत काही नव्हतं. त्यात सांभाळणारी व्यक्तीच नव्हती.

वल्लरी पहिल्या दिवशी पोळीचा लाडू संपेपर्यंत गप्प राहिली. नंतर भिंतीवर थापा मारू लागली. भिंतीपलीकडे माधुरी होती.

"माधुरीमावशी, मी येऊ?"

"नको गं राणी. आई येईल आता."

"तू ये मग."

माधुरीकडे दुसरी किल्ली होती, शेजारणीकडे असतेच. तिसऱ्या दिवशी वल्लरीने हाक मारायचं सोडून नुसते हुंदके द्यायला सुरुवात केली, तेव्हा माधुरी उठली आणि कुलूप काढून तिला कडेवर घेऊन आली. टिपणीस जिन्यात होते.

"घरतबाई, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण मी पदावर आहे."

मनाईनंतरही उल्लंघन झाल्याने हर्डीकरांनी दोन आदेश काढले. पहिला, जादा किल्ली सुरक्षिततेसाठी सेक्रेटरींकडे जमा राहील. दुसरा भिंतीबद्दल होता. टिपणीसांनी कळवलं होतं की घरतबाई भिंतीला तोंड लावून गोष्टी सांगतात, चिऊचं घर मेणाचं वगैरे. कक्षाने यावर विचार करून भिंतीआडून केलेलं सांत्वन हा दूरस्थ सांभाळ ठरवला. माधुरीने त्यानंतर रेडिओ मोठ्याने लावायला सुरुवात केली. रेडिओ तिच्या स्वतःच्या करमणुकीसाठी आहे असं तिच्याकडून लिहून घेण्यात आलं.

सायकल थांबली होती. आता टिपणीसांना सकाळी वरून रडणं ऐकू येई, आणि दुपारी पलीकडच्या, तशाच कुलूपबंद घरातून निनादचं. त्यांनी पुन्हा अर्ज केला, या वेळी स्वतःच्या नावाने. हर्डीकरांचं उत्तर आलं की रडणं ही बाब अनियंत्रित आहे.

वल्लरीने यावर तोडगा काढला. स्वयंपाकघराची खिडकी जिन्याच्या वाटेवर उघडत होती. ती पाटावर उभी राहून गजांतून हात बाहेर काढू लागली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला एकच विचारू लागली, "अडीच वाजले का?" अडीचला आई येते हे तिला माहीत होतं. बाकी काही तिला नको होतं.

पहिल्या मजल्यावरच्या जोशीआजींनी एकदा सांगितलं, "नाही बाळ, अजून अकराच." टिपणीसांनी कक्षाला विचारलं. कक्षाने परिपत्रक काढलं: वेळ सांगितल्याने मुलाची समजूत निघत असल्यास तो आकस्मिक सांभाळ समजला जाईल. जोशीआजी वयोवृद्ध असल्याने त्यांना समज देऊन सोडण्यात आलं. त्यांनी नंतर विचारलं, "आणि मी तिला चुकीची वेळ सांगितली तर?" ते चालेल असं कळवण्यात आलं.

वर्ष संपता संपता 'कर्नाळा दर्शन' ही तालुक्यातली पहिली सांभाळमुक्त इमारत म्हणून जाहीर झाली. कक्षाचं पहिलं लक्ष्य पूर्ण झालं होतं. प्रवेशद्वारावर पितळी पाटी लागली. अकराच्या सुमारास समारंभ झाला, खाली मांडव, वर गच्चीवर चहापान. सुनीता कामावर होती. माधुरीला पुष्पगुच्छ देण्याचं काम दिलं होतं, कारण ती सुधारलेली होती. हर्डीकर भाषणात म्हणाले की केवळ कायद्याने हे होत नसतं, समाजाची साथ लागते, आणि ती त्यांना इथे न मागता मिळाली. टाळ्या झाल्या.

नंतर सगळे चहाला जिन्याने वर निघाले. आमंत्रण पनवेलमधल्या सर्व सुजाण नागरिकांना होतं, तेव्हा तुम्हीही होतात. दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला होता.

"काका, अडीच वाजले का?"

पुढचे थांबले नाहीत. त्यांना परिपत्रक माहीत होतं. मागच्यांना पुढचे दिसत होते. तुम्ही घड्याळ पाहिलंत. सव्वाबारा झाले होते. वर चहा निवत असेल असं तुमच्या मनात आलं आणि तुम्ही पुढची पायरी चढलात.

परिपत्रक तर तुमच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.