हत्तीच्या पोटातलं दार

पोळ्याला सारं अकोला बैलांच्या अंगावर झुली घालतं आणि शिंगांना बेगड लावतं. आमच्या शाळेच्या खुशालराव ड्रॉइंग मास्तरांनी शेजारच्या रामजी पाटलांच्या बैलाच्या पोटावर दार काढलं. चौकट, उंबरठा, सगळं साग्रसंगीत, आणि दार अर्धं उघडं. बैल तोरणाखाली उभा राहिला तेव्हा लोक पूजा सोडून आत वाकून पाहू लागले.

“माया बैलाले दार कावून?” पाटील तणतणले.

“दार नसन तं आतल्यानं बाहीर कसं यावं? अन् बाहीरच्यानं आत?” मास्तर शांतपणे म्हणाले. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि मी तर शाळेत गणित शिकवत असे.

मास्तर पूर्वी म्हणे साधे होते. नाटकमंडळ्यांच्या पडद्यांवर महाल काढत. मग एका वर्षी काय झालं कुणास ठाऊक, वांग्याला दार आलं, चंद्राला आलं, गणपतीच्या पोटालाही आलं. नागपूरचे इंग्रज इन्स्पेक्टर तपासणीला आले तेव्हा फळ्यावर आंबा होता, आणि देठाखाली दार. हे काय, असं साहेबांनी विचारलं. आत कोय राहते, असं मास्तरांनी सांगितलं. साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं, आणि मास्तरांची बढती जी अडली ती अडलीच.

स्वतःच्या घराचं दार तर त्यांनी बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं. चोर शिरेल म्हटलं की म्हणत, “येऊ द्या. कोनी तं येईन.” चोरही आला नाही.

एकदा हेडमास्तरांनी विलायती मासिक आणलं. त्यात कुणा फिरंगी चित्रकारानं माशाला टोपी घालून खुर्चीवर बसवलं होतं. आम्ही हसून हसून बेजार झालो. मास्तरांनी मात्र चित्र उजेडाला धरून पाहिलं आणि हळूच विचारलं, “यायले पोरी किती?” त्या दिवशी आम्ही त्यांना वेडं ठरवून मोकळे झालो.

पुढे माझ्या बहिणीचं, ताराचं, लग्न ठरलं. लग्नघराच्या भिंतीवर हत्ती-घोडे काढायची आपल्याकडे रीत. मास्तरांना मीच बोलावलं, चूक माझीच. हत्ती अंबारीसकट झकास उतरला. पोटाला अर्धं उघडं दार. अमरावतीचे व्याही आदल्या दिवशी आले आणि ते पाहून फुगून बसले. मुलीच्या लग्नात उघडं दार म्हणजे पोरगी परत येणार, हा अपशकुन. पुसा, नाहीतर जानोशातूनच, उतरल्या बिऱ्हाडातूनच, वरात माघारी नेतो, असा त्यांनी निरोप धाडला. आमचे बाबा नामांकित वकील, पण मुलीचे बाप. चुन्याची बादली घेऊन उभे राहिले.

मास्तर कधी कुणाशी वाद घालत नसत. त्यांनी बाबांपुढे हात जोडले.

“वकीलसाहेब, हत्ती पुसा. दार राहू द्या.” मग म्हणाले, “माही शांता हिवरखेडाले दिली होती. एका दुपारी एकलीच आली. सासरी राहत नाही म्हने. मी दार लावून घेतलं, आतूनच म्हनलं, दिल्या घरी राह्य. गेली. थे सासरीबी पोचली नाही.”

मासिकातलं चित्र पाहून मास्तरांनी ‘यायले पोरी किती?’ का विचारलं होतं, ते मला आत्ता कळलं.

बाबांनी स्वतःच्या हातांनी हत्ती पुसला. दार ठेवलं. व्याह्यांना सांगितलं की आता हे हत्तीचं नाही, घराचं दार आहे, आणि लग्नघराचं दार काय बंद ठेवायचं? व्याह्यांनी बराच विचार केला आणि हत्ती तर गेला ना, एवढ्यावर समाधान मानून ते जेवायला बसले.

त्यानंतर दर दिवाळीला चुनेवाले त्या दाराला वळसा घालून भिंत रंगवत. मग मास्तर येत आणि दार चार बोटं अधिक उघडून जात. काही वर्षांनी ते सताड उघडं झालं. आत पाट मांडलेला दिसला, शेजारी पाण्याचा तांब्या.

“पाटावर कुणीच नाही, मास्तर?” मी विचारलं.

त्यांनी कुंचला पुसला. “अंदाजानं बैल काढता येते, सर. पोर नाही. आता येगळी दिसत असन. आली का मंग पाहून काढीन.”