चौकाचा अधिकृत पादचारी

नानासाहेब भोइटे यांना रस्ता ओलांडायचा होता. एवढ्याशा गोष्टीचं पुढे केवढं प्रकरण होणार आहे याची कल्पना असती, तर ते अर्ज घेऊन गेलेच नसते.

इंदूरच्या मल्हारगंजातल्या त्यांच्या घरासमोर चौक आणि चौकापलीकडे थोरली बहीण, द्वारकाबाई. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. हात थरथरतात, म्हणून डोळ्यात थेंब नानासाहेबांनी घालायचे. दुसऱ्या कुणाकडून घालून घ्यायला बाईंचा साफ नकार. "शेजारची पलक अर्धी बाटली गालावर ओतते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तेव्हा नानासाहेब रोज हात वर करून, देवाचं नाव घेत, गाड्यांमधून पलीकडे जात. एकदा एक स्कूटरवाला कोपराला धक्का देऊन वर त्यांनाच शिवी देऊन गेला, आणि त्यांनी चौक-सुधार कक्षात जाऊन पांढरे पट्टे मागितले.

कक्षाचे सल्लागार निखिल मोघे तरुण होते आणि परदेशातले चौक डोळे भरून पाहून आले होते.

"पट्टे तर बहुत छोटी चीज झाली, नानासाहेबजी," ते म्हणाले. "आपण पूर्ण जंक्शनच वॉकिंग-फ्रेंडली करून टाकू. इंदौर आहे भिया, नंबर वनच्या खाली आपण काही करतच नाही."

आणि केलं. पायी चालणाऱ्यांना गाड्यांपासून धोका असतो, असं अभ्यासाअंती सिद्ध झालं, म्हणून चारही बाजूंनी छातीएवढं रेलिंग बसलं. पट्टेही आले, पण रेलिंगच्या पलीकडे. सायकलींसाठी लाल मार्ग आखला. पहिल्याच सकाळी त्यावर पोह्यांची गाडी लागली आणि तिच्याभोवती पोहे खाणाऱ्यांच्या मोटारी. मोटारी रोखायला खांब रोवले, ते इतके जवळ जवळ की सायकलही आत शिरेना. पोहेवाला मात्र आतच राहिला. त्याला बाहेर काढायचं तर खांब उपटावे लागले असते.

नानासाहेब पुन्हा कक्षात गेले. "ओलांडायचं कुठून?"

"सिग्नलवरून ना!"

"माणसाचा दिवा हिरवा होतच नाही."

"कसा होणार? कॅमेरा पादचारी मोजतो, त्या हिशोबाने टाइम देतो. तुम्ही लोकं तर येतच नाही."

"अहो, रेलिंग आहे ना मध्ये!"

"एक्झॅक्टली," मोघे म्हणाले. "तुमच्या सेफ्टीसाठी."

मग नानासाहेब ई-रिक्शाने लांबचा वळसा घालून बहिणीकडे जाऊ लागले. काही दिवसांनी पायी चालणाऱ्यांच्या सोयीसाठी चौकाच्या परिसरात ई-रिक्शा बंद झाल्या. त्या दिवशी थेंब चुकले, दुसऱ्या दिवशीही चुकले. फोनवर द्वारकाबाई म्हणाल्या, "नाना, डोळा खुपतोय रे." नानासाहेबांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून चौकाला, कक्षाला आणि स्वतःच्या अर्जाला मनसोक्त शिव्या घातल्या.

इकडे पादचाऱ्यांचे अपघात शून्यावर आले होते. पादचारीच शून्यावर आले होते, पण ते मोजायचा रकाना नव्हता. पुरस्कारासाठी चौकाचं नाव गेलं, पाहणी समिती यायची ठरली, आणि फोटोपुरता एक पादचारी हवा म्हणून मोघे स्वतः नानासाहेबांच्या दारात आले. कक्षाकडे पायी चालणाऱ्या माणसाची दुसरी नोंदच नव्हती.

"दोन्हीकडचं रेलिंग थोडं खोलतोय, खास तुमच्यासाठी."

"पलीकडे जाऊ द्याल ना?"

"काय काकाजी! जाण्यासाठीच तर आहे सगळं."

नानासाहेबांनी धुतलेलं धोतर नेसलं, खिशात थेंबांची बाटली ठेवली. समितीसमोर त्यांना हार घातला. दिवा प्रथमच हिरवा झाला आणि ते चालू लागले. दुभाजकापर्यंत पोचले तोच फोटोग्राफर ओरडला, "बस, बस! तिथेच! हात हलवा!" त्यांनी हात हलवला. टाळ्या झाल्या. समिती लगोलग मोटारींत बसून पोहे खायला निघाली, तिचा खोळंबा नको म्हणून दिवा लाल झाला, आणि उघडं रेलिंग धोकादायक असतं म्हणून वेल्डरने दोन्ही बाजू जोडून टाकल्या.

"अहो, मला पलीकडे जायचंय!" दुभाजकावरच्या फुलांच्या कुंड्यांमधून नानासाहेब ओरडले.

मोघ्यांनी गाडीची काच खाली केली. "तिथेच थांबा काकाजी. पूर्ण चौकात सेफ जागा तीच आहे."

समोरच्या खिडकीत डोळ्यावर रुमाल धरून द्वारकाबाई उभ्या होत्या. "नाना, निघालास का रे? मला काही दिसत नाही."

"निघालोय, ताई. मध्यावर आलोय."

गाड्या सुसाट जात होत्या. एक मोटार हळू झाली, तिची काच खाली आली. नानासाहेबांनी जीव एकवटून बाटली उंच धरली. "साहेब, एवढी त्या समोरच्या खिडकीत देता का हो?"

आतून मोबाईल बाहेर आला. कुंड्यांमध्ये सुरक्षित उभ्या ज्येष्ठ नागरिकाचा फोटो निघाला, मोबाईलवर आलेल्या "हा चौक कसा वाटला?" या प्रश्नाला पाचपैकी पाच तारे पडले, आणि काच वर गेली.

चौक देशात पहिला आला. तो फोटो फार सुरेख आलाय, हातातली बाटलीसुद्धा स्पष्ट दिसते. बघा, तुमच्याच मोबाईलमध्ये असेल.